मिरजगावच्या मारुतीपुढचं मीठ

नगर जिल्ह्यात काय बघावं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी नगरचा भुईकोट किल्ला सांगते, नेवाशाचा प्रवराकाठ सांगते, आणि जायचं तर थंडीत जा, हुरडा मिळेल, हेही सांगते. स्वतः मात्र मी या जिल्ह्यात पहिल्यांदा गेले ती एक मिठाचं पोतं पोचवायला. पोत्याला जेवढा मान मिळाला, तेवढा पुढे मला कुठल्या व्यासपीठावर मिळाला नाही.

साल १९७१, संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. मी पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि उरलेल्या वेळात सभा घेत होते. लोकसभेची मध्यावधी निवडणूक लागली होती, त्यामुळे घशाला विश्रांती म्हणून नव्हती. अशात एका सकाळी दारात एक जवान उभा राहिला. खांद्यावर लहानसं पोतं.

"हवालदार साहेबांनी दिलंय. त्यांच्या मिसेसना पोचवायचं. मला पुढं माझ्या गावी जायचंय, रजा कमी आहे."

"काय आहे यात?"

"मीठ."

मला वाटलं थट्टा करतो आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून पुण्यापर्यंत तीन गाड्या बदलून माणूस काय काय आणेल. सफरचंदं आणेल, लोकरीची शाल आणेल. समुद्र उशाला असलेल्या महाराष्ट्रात कोणी मीठ आणतं?

पण तो थट्टा करत नव्हता. हवालदार म्हणजे माझ्या मावसबहिणीचा, कुसुमचा नवरा. लग्नानंतर कुसुम त्याच्याबरोबर डोंगराच्या पायथ्याशी फौजेच्या क्वार्टरमध्ये राहिली. त्या मुलखात घरटी एखाद्या बाईच्या गळ्याला गाठ असायची, गलगंड. हळूहळू कुसुमच्याही गळ्याला आली. तिथेच तिला पहिली मुलगी झाली, सुमन. सुमन हाक मारली तरी वळून बघायची नाही. चालायलाही फार उशिरा लागली. फौजेच्या डॉक्टरांनी मग उलगडून सांगितलं. तिथल्या मातीत आणि पाण्यात आयोडीन फार कमी. आईच्या अंगात ते कमी पडलं की पोटातल्या बाळाच्या मेंदूला आणि कानाला कमी पडतं, आणि मागाहून कितीही दिलं तरी ती कसर पूर्ण भरून निघत नाही. म्हणून सरकार त्या भागात आयोडीन घातलेलं मीठ पाठवतं. ते खा. पोटुशी असताना तर न चुकता खा.

आता कुसुमला पुन्हा दिवस गेले होते. नवऱ्याची बदली पुढच्या ठाण्यावर झाली, तिथे कुटुंब नेता येत नव्हतं, म्हणून दिवाळीत ती सासरी मिरजगावला आली. येताना एक पिशवीभर मीठ आणलं होतं, ते संपत आलं असणार. ते मीठ आपल्याकडच्या बाजारात मिळत नव्हतं. तिला आई नाही. माहेर म्हणून जे काही होतं ती मी. जवानाने निरोप दिला तो असा: "साहेब म्हणाले, ताईंना सांग, नुसतं पोचवू नका. तिच्या पोटात जातंय एवढं बघून या."

मी कॉलेजात रजा टाकली.

शुक्रवारी पुणे-नगर एस.टी. धरली. आज हा रस्ता चारपदरी आहे आणि ट्रॅफिक नसेल तर अडीच-तीन तासांत नगर येतं. तेव्हा एकेरी डांबर होतं. समोरून ट्रक आला की दोघांनीही अर्धं चाक मातीत उतरवायचं, आणि कोण आधी उतरवतो यावर ड्रायव्हरांची इभ्रत ठरायची. शिरूरला चहा घ्यावा, घोड नदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. हवा तिथेच बदलते. कोरडी होते, चुरचुरीत, ओठ फुटतील अशी. सुप्याच्या पुढे माळ पसरत जातो आणि आभाळ एकदम मोठं होतं.

पोतं मी पायाशी ठेवलं होतं. कंडक्टरने चिमट्याने टकटक केलं.

"हे काय?"

"मीठ."

"बाई, नगरला मीठ मिळतं की."

"हे वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे? गोड हाय का?"

मागच्या बाकावरून एक फेटेवाले आजोबा पुढे वाकले. "इलेक्शनचं असंल. ह्या बाईला मी शिरूरच्या सभंत ऐकलीया. बाई, चिन्ह काय तुमचं?"

"हे माझ्या बहिणीसाठी आहे. तिला दिवस गेलेत."

"पोतंभर?" म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "लुगडी वाटल्याली बगितली. बाटल्या वाटल्याल्या बगितल्या. पन मीठ वाटनारा लई हुशार गडी. लुगडं फाटतं, बाटली उतरती. मिठाला जागावं लागतं."

गाडीभर हशा पिकला. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं आणि म्हणाला, "पोतं मतदार नाही, म्हणून अर्धंच लावलंय."

नगरला मुक्काम माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे होता. ती तिथे एका दवाखान्यात बाळंतपणाचं काम बघायची. तिने पोतं सोडलं, चिमूटभर मीठ तळहातावर घेतलं आणि मला समोर बसवलं. तिची पद्धत अशी की रोगी असो वा मैत्रीण, आवाज तोच.

"ऐक. यातलं आयोडीन पाण्यात विरघळतं. उन्हात उडतं. उघडं ठेवलं तर ओलीने कमी होत जातं. म्हणून धुवायचं नाही, वाळवायचं नाही, झाकणाच्या बरणीत ठेवायचं, चुलीपासून लांब. आणि भाजी शिजल्यावर वरून घालायचं. एवढंच."

"एवढंच तर आहे. सांगते."

"तू सांगशील गं. तू काय, दोन तास सांगशील." ती हसली. "पण सासू काय करते ते बघ. आणि आणखी एक. कोणी शहाणा म्हणेल की जखमेला लावतात ते टिंक्चर आयोडीन द्या दोन थेंब. ते विष आहे. मीठ म्हणजे मीठच."

"या भागात लागतं का ते? इथे कुणाच्या गळ्याला गाठी नाहीत."

"इथल्या बाईला कदाचित नाही लागणार. पण कुसुम इतकी वर्षं रिकामी होत आली आहे. आणि बाळ आत्ता, या महिन्यांत घडतंय. त्याला पुढची तारीख देता येत नाही."

हे शेवटचं वाक्य मी पुढे अनेक भाषणांत वापरलं. आपल्याकडे बाईच्या पोटाची चौकशी होते ती मुलगा की मुलगी एवढ्यापुरती. त्या पोटात मेंदू तयार होतो आहे, तो आईच्या ताटातून तयार होतो आहे, आणि आई सगळ्यांत शेवटी जेवते आहे, याची चौकशी कोणी करायची? क्रांत्यांचे इतिहास मी ढिगाने वाचले होते. मिठाच्या कणावर एका माणसाची अख्खी बुद्धी तोललेली असते, हे मला एकाही पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी माळीवाड्याच्या स्टँडवरून सोलापूर रस्त्याची गाडी. जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा, सकाळचं ऊन कोवळं असतं तोवर छान लागतं. रुईछत्तीशी गेल्यावर दोन्ही अंगांना ज्वारी, पुरुषभर उंच, कणसं दुधात आलेली. मचाणावर उभी राहून एक बाई गोफण फिरवत होती, आणि गोफणीबरोबर पाखरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. तिचा आवाज गाडीच्या इंजिनावरून ऐकू येत होता. हिला माईक कशाला लागेल, असं मनात आलं.

मिरजगाव हमरस्त्यावरचं, व्यापाराचं गाव. उतरल्या उतरल्या बैलगाडी मिळाली. गाडी कुसुमच्या दारात थांबली, मी खाली उतरले, गाडीवानाने पोतं पाठीवर घेतलं, आणि तेवढ्यात कुसुमच्या सासूबाई उंबऱ्यात आडव्या झाल्या. गजराबाई. उंच, सडपातळ, नऊवारीचा काष्टा पक्का, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"या मास्तरीनबाई. बरं झालं आला. पोत्यात काय हाय?"

"मीठ, मावशी. कुसुमसाठी."

"आज वार कंचा?"

"शनिवार."

"मग ते उंबऱ्याच्या आत येनार न्हाई."

मी तोंड उघडलं. शनिवार हे सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीवर माणसाने ठेवलेलं एक नाव आहे, ग्रहांना तुमच्या माजघरात काय येतं याची खबर नसते, असं मी सुरू केलं. गजराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लई चांगलं बोलता तुमी. पन तेल, मीठ आन् लोखंड शनवारी घरात घेत न्हाईत. माजा ल्योक फौजंत हाय. मी खोटी जोखीम घेनार न्हाई. उद्याच्याला आना, मी सोता डोक्यावर घेते."

लेकाचं नाव आलं आणि माझं भाषण तिथेच थांबलं. एका दिवसाचा तर प्रश्न होता. शेजारणीकडे ठेवू म्हटलं, तर शेजारणीलाही उंबरा होताच. अख्ख्या गावात शनिवारी मीठ ठेवता येईल अशी एकच जागा निघाली, जिथे कुणाचा संसार नव्हता. मारुतीचं देऊळ. "वट्ट्यावर एका अंगाला ठिव," असं सांगून गजराबाईंनी गाडीवानाला पिटाळलं.

घरात आले तर कुसुम भेटली. पाचवा महिना, चेहऱ्यावर तेज, गळ्याशी ती गाठ पदराने झाकलेली. सुमन तिच्या मागून डोकावत होती. पाच वर्षांची, पण अंगाने तीनची वाटावी अशी. मी तिला मोठ्याने हाक मारली आणि लगेच जीभ चावली. तिने मात्र माझे हलणारे ओठ बघितले, जवळ येऊन माझ्या गळ्यावर पालथ्या हाताची बोटं ठेवली आणि खुदकन हसली. घरात कुणी बोलायला लागलं की ती असं करायची. आवाज तिला बोटांतून कळायचा.

दुपारी हुलग्याचे शेंगोळे होते. नगरकडे थंडीत गेलात आणि शेंगोळे न खाता आलात तर गेला नाहीत असं समजा. लसणाचा ठेचा घातलेला तो दाटसर रस्सा, वरून कच्चं तेल, बरोबर ज्वारीची भाकरी. मी चुलीपाशी पाटावर बसून खात होते आणि समोर जे घडत होतं ते बघून माझा घास हातातच राहिला.

गजराबाई मीठ धूत होत्या. परातीत मिठाचे खडे, त्यावर पाणी, हाताने खळबळ, गढूळ पाणी मोरीत. मग पुन्हा पाणी. पुन्हा मोरी. मग ते धोतराच्या फडक्यावर घालून अंगणातल्या उन्हात. आणि काल वाळवलेलं होतं ते चुलीच्या काठाशी, उघड्या गाडग्यात. मैत्रिणीने जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं एका ओळीत, हसतमुखाने चाललं होतं.

"कुसुमने आणलेलं मीठ पण असंच धुता का, मावशी?"

"तर. ते तर जास्तीच. बारीक हाय, धुताना निम्मं जातं, पन जाऊ द्या. पोटुशी पोर हाय. मातीचा कन तिच्या पोटात जाऊ देत न्हाई मी. वानी लोकांचं मीठ, त्यावरनं गाढवं सुदिक चालत्यात."

मी कुसुमकडे बघितलं. तिने मान खाली घातली. संधी मिळताच हळूच म्हणाली, "ताई, दिवाळीपासून हेच चाललंय. मी दोनदा सांगितलं, धुवू नका. त्या म्हणाल्या, आळशी झालीस का, मी धुते. आता काय बोलू? माझ्यासाठी स्वतःचे हात गारठवून घेतात त्या."

मला राग काढायला माणूसच सापडेना. जाच करणारी सासू असती तर मी तिला शब्दांनी सोलून काढलं असतं. इथे शत्रू नव्हताच. इथे माया होती, आणि ती माया बाळाचा वाटा मोरीत ओतत होती.

हे त्यांना कसं सांगायचं याचा विचार मी रात्रभर केला. रविवारी सकाळी गजराबाई आणि मी पोतं आणायला देवळात गेलो. पोतं ओट्यावर नव्हतं. ते गाभाऱ्यात, थेट मारुतीच्या पुढ्यात होतं, तोंड सोडलेलं, आणि अर्धं रिकामं.

देवळाचे गुरव दगडूबाबा आरामात झाडत होते.

"बाबा, पोतं कुणी सोडलं?"

"मी. काल गाडीवान वट्ट्यावर ठिवून गेला. म्हनलं शनवारी मीठ आलंया, कुनाचा तरी नवस असंल. उचलून देवापुढं ठिवलं. आरतीला ही गर्दी हुती. पयल्यांदा मूठ-मूठ वाटलं, मग वंजळ-वंजळ. लई चांगलं मीठ हाय. परसाद म्हनून लोकांनी डोळ्याला लावून नेलं."

"ते माझ्या बहिणीचं होतं," मी म्हणाले. माझा सभेतला आवाज आपोआप लागला होता. घंटा हलली की काय असं वाटलं. "पाच महिन्यांच्या पोटुशा बाईचं औषध तुम्ही खिरापतीसारखं वाटलंत."

दगडूबाबांनी झाडू खाली ठेवला. "अवो बाई, मग ते माज्यापुढं ठिवायचं हुतं. मारुतीपुढं ठिवलेली वस्त मारुतीची. त्यो काय मला सांगनार हाय व्हय, हे शिरूरच्या मास्तरीनबाईचं हाय म्हनून?"

"मी पुण्याची."

"त्येला ते बी म्हाईत न्हाई."

गजराबाई पुढे झाल्या. त्यांनी उरलेलं पोतं दोन्ही हातांनी बांधलं, कपाळाला लावलं आणि डोक्यावर घेतलं. घरी येऊन चिनी मातीची झाकणाची बरणी काढली, लोणच्याची, रिकामी करून पुसलेली. मीठ तिच्यात भरलं. मी बघत राहिले. परात बाहेर आली नाही. पाणी आलं नाही.

"धुणार नाही, मावशी?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "परसाद कुनी धुतं व्हय?"

कुसुमने मागच्या दाराशी गाठून माझा हात धरला. तिचा चेहरा फुलला होता. "ताई, तुझ्या पाया पडते, आता काही बोलू नकोस. झालं ना काम? त्या धुणार नाहीत. आयोडीन म्हणू नको, विज्ञान म्हणू नको. मारुतीचं तर मारुतीचं."

खरं सांगते, मोह झाला. पण अख्ख्या घराच्या भाजीत पडणारं ते उरलेलं अर्धं पोतं बाळंतपणापर्यंतही पुरलं नसतं, आणि पुढे बाळ अंगावर पिणार होतं, तेव्हाही तिला हेच मीठ हवं होतं. हवालदार आणखी पाठवणारच होता. ते दुसरं पोतं बुधवारी आलं तर? थेट उंबऱ्याच्या आत येईल, प्रसाद नसेल, आणि परातीत जाईल. खोट्यावर उभी केलेली चांगली गोष्टसुद्धा पुढच्या वळणावर कोसळते, असं मी हजार माणसांपुढे छातीठोकपणे सांगत आले होते. आता तीच गोष्ट एका माजघरात एका बाईला सांगायची होती, आणि ती चुकली तर किंमत बाळाने द्यायची होती.

"कुसुम, मी त्यांना सांगणार आहे."

"आणि पुन्हा धुवायला लागल्या तर?"

"तर मी इथेच राहीन. परात माझ्या डोक्याखाली घेऊन झोपेन."

ती हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत.

मी गजराबाईंजवळ जाऊन बसले. भाषण केलं नाही. मुठीत मीठ घेतलं आणि देव्हाऱ्यातली कुंकवाची कोयरी उचलली. रंग मिसळून दाखवायचा होता. त्यांनी झटक्यात माझं मनगट धरलं.

"कुंकू पान्यात धुता? माजा ल्योक फौजंत हाय म्हनून सांगितलं न्हवं का?"

"चुकलं. हळद द्या."

हळद दिली. मी त्यांच्याच खड्यांच्या मिठावर चिमूटभर हळद चोळली, वाटीत घातली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "आता धुवा. तुम्ही धुता तसंच."

त्यांनी धुतलं. पाणी पिवळं झालं, मोरीत गेलं. दुसऱ्या पाण्याने मीठ पांढरं झालं.

"तुमच्या लेकाने पाठवलेल्या मिठाला सरकारने असंच औषध लावलंय, मावशी. ते रंगाचं नाही म्हणून दिसत नाही. डोंगरात कुसुमच्या अंगातलं ते औषध संपलं, म्हणून गळ्याला गाठ आली, आणि डॉक्टर म्हणाले, बहुतेक म्हणूनच सुमनला ऐकू येत नाही. मारुतीने त्यात काही घातलेलं नाही. त्याच्यापुढे यायच्या आधीही ते त्यात होतं, आणि पुढच्या पोत्यातही असेल. धुतलं की जातं."

गजराबाई मोरीकडे बघत राहिल्या. पिवळं पाणी दगडाच्या खाचेत थोडं साचलं होतं.

"मंग दिवाळीपास्नं," त्या म्हणाल्या, "मी काय धूत हुते?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं, पण त्यांनी विचारलं होतं. "थोडं राहत असेल, मावशी. सगळं नाही जात. आणि अजून चार महिने आहेत. आता धुतलं नाही तर खूप मिळेल."

"पोतं अर्धं वाटलंया."

"हो."

"चार म्हैने जाईल?"

"नाही जाणार."

त्या उठल्या. पदर खोचला. "आज सांजच्याला तुमी पारावर बोलनार का?"

बोलणार होते. दगडूबाबांनी सकाळच्या भांडणाची भरपाई म्हणून दवंडीच दिली होती, पुण्याच्या बाईंचं भाषण म्हणून. दिवस मावळायच्या आत पारावर गाव जमलं. पुरुष पुढे, बाया देवळाच्या भिंतीला टेकून. मी जे गजराबाईंना सांगितलं तेच सांगितलं, जरा वरच्या पट्टीत. पोटात वाढणाऱ्या पोराची बुद्धी आईच्या ताटातून जाते, हे सांगितलं. आईच्या ताटात सगळ्यांत आधी वाढा, हे सांगितलं. या मिठात देव नाही, औषध आहे, आणि ते एका बाईच्या बाळाच्या वाट्याचं आहे, हे सांगितलं.

पुढच्या ओळीतले एक तंबाखू मळणारे गृहस्थ म्हणाले, "समदं ब्येस. आता मत कुनाला ते सांगा, म्हंजी घरी जातो."

"मत मागायला आले नाही. मीठ परत मागायला आले आहे."

मग एक म्हातारी म्हणाली, "परसाद माघारी देत न्हाईत, बाई. पाप लागतं." आणि दुसरी, "आन् मीठ हातात दिलं तर भांडान लागतं." माना डोलल्या. माझ्याजवळ युक्तिवाद पुष्कळ होते. पण मला स्पष्ट दिसत होतं की त्यातला एकही त्या भिंतीपाशी पोचणार नव्हता.

तेव्हा गजराबाई बायांमधून पुढे आल्या. कुसुमचा हात धरून त्यांनी तिला पाराच्या कडेला बसवलं, तिच्यापुढे जमिनीवर सूप ठेवलं आणि सुपात आधी पाच तांदूळ टाकले.

"माघारी कोन मागतंय? माज्या सुनंची वटी हाय. वटी भरायला पाप लागतं का? आन् हातात देऊ नका, सुपात घाला. चला, घरनं घिऊन या."

पाचव्या महिन्यात, रविवारच्या संध्याकाळी, मिठाने ओटी. शास्त्रात असं कुठे नव्हतं. गजराबाईंनी ते तिथल्या तिथे करून टाकलं आणि कुणाला शंकाही आली नाही. बाया उठल्या. वाट्या, पंचपात्रं, कुणी पानाचा पुडा. कुसुमला कुंकू लावायचं, मीठ सुपात उपडं करायचं. एकीने गाणं धरलं. तंबाखूवाले गृहस्थसुद्धा पुडी घेऊन आले. "घरातलीला लाज वाटती," म्हणाले. "आन् खाल्लं असतं तर बाईच्या पक्षाला जागावं लागलं असतं."

गजराबाई सुपापाशी उकिडव्या बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकीला एकच प्रश्न.

"धुतलं न्हाई न्हवं?"

एक तरुण पोरगी थबकली. "धुतलं की आत्याबाई. माती असती म्हनून."

"मंग ह्ये तुज्या भाजीला घाल. व्हय बाजूला."

सगळं मीठ परत आलं नाही. पण सूप भरलं, आणि मग बरणीसुद्धा.

सोमवारी निघताना गजराबाईंनी शेतावर नेलं आणि हुरडा खायला घातला. शेणकुटांच्या आरावर भाजलेली कणसं, हातावर चोळून फुंकर मारलेली, बरोबर तिळाची चटणी. आजकाल त्या बाजूला हुरडा पार्ट्यांचे बोर्ड लागतात, झोपाळे असतात, माणशी दर असतो. चांगलं असतं तेही. पण शक्य असेल तर ओळखीच्या शेतावर जा आणि सकाळी जा, दव सुकायच्या आधी.

मी पुण्याला परतले. निवडणूक झाली, कोणी जिंकलं, कोणी हरलं. उन्हाळ्यात आणखी एक पोतं आलं, ते परस्पर मिरजगावला गेलं. पावसाळ्याच्या तोंडावर कुसुमला मुलगा झाल्याचं कळलं, आणि दिवाळीनंतर गजराबाई, कुसुम, सुमन आणि बाळ, सगळे माझ्या पुण्याच्या खोलीत हजर झाले. गळ्याची गाठ डॉक्टरांना दाखवायची होती. ती जराशी उतरली होती.

बाळ सतरंजीवर झोपलं होतं. सुमन त्याच्याजवळ बसली होती. मी विचारायला धजत नव्हते. गजराबाईंनीच विषय काढला.

"समद्या गावानं त्येच्या मागं टाळ्या वाजवून बगितल्या. ताटं आपटली. दगडूबाबानं देवळात नेऊन घंटा वाजीवली. पोरगं दर टायमाला मान फिरवतं. आता वैतागलंय."

मी खुर्चीतच मागे टेकले. म्हणाले, "मिठाने झालं असेल, मावशी. नक्की सांगता येत नाही. पण मीठ गेलं नसतं तर धोका होता, एवढं खरं."

"मिठानंच. आन् मारुतीनं."

"मारुतीचा यात काय संबंध?"

"पोतं कुनापुढं हुतं?"

"मावशी, ते तिथे नसतं तर अर्धं वाटलंच गेलं नसतं."

"आन् वाटलं नसतं तर वटी भरली असती का? समद्या गावानं त्येला भरवलंया, निस्ता तुमच्या पोत्यानं न्हाई."

मी उठून उभी राहिले. मला कारण आणि योगायोग यातला फरक नीट सांगायचा होता आणि त्यासाठी आवाज जरा चढला. गजराबाईंचाही चढला. सतरंजीवरचं पोरगं दचकून जागं झालं, भिंतीकडची मान आमच्याकडे फिरवली, ओठ काढले आणि टाहो फोडला. सुमनला त्यातलं काही ऐकू आलं नाही, पण उघडलेलं तोंड दिसलं. तिने वाकून त्याच्या छातीवर तळहात ठेवला, बोटांखाली काय हलतंय ते समजून घेतलं, आणि आम्हा दोघींकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.

आम्ही दोघीही गप्प बसलो. तो वाद अजून व्हायचा आहे.